कातळनिळीचा खोटा पत्ता

मधुमालती कॉलनीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी, एका लोखंडी खांबावर नाक बसवलेलं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण तेवढं घ्यायला वेळ कुणाला आहे! हवा हुंगतं म्हणून नाक. केळंबे तालुक्यात अशी तेवीस नाकं होती.

नाक म्हणजे भोपळ्याएवढा पांढरा डबा. पुढे दोन भोकं. दिवसरात्र हवा आत ओढायची आणि आतल्या कापसासारख्या गाळणीवर त्या हवेतलं काय काय ते चिकटवून ठेवायचं. आता हवेत असतं काय? तर सगळंच असतं. फुलपाखरू उडतं तेव्हा पंखांवरची पूड झडते. पक्षी अंग झटकतो, पिसाचा कण उडतो. अळी पान कुरतडते, तिची लाळ पानावर वाळते आणि धूळ होऊन वर उठते. त्या प्रत्येक कणात त्या जिवाच्या जनुकांचा एखादा तुकडा असतो. नाक तो तुकडा वाचायचं, कुणाचा आहे ते ओळखायचं, आणि किती तुकडे आले त्यावरून आसपास ती मंडळी किती असतील याचा अंदाज बांधायचं. माणसं, कुत्री-मांजरं, गुरं, कोंबड्या एवढ्यांना सोडून द्यायचं, बाकी कुणालाही नाही.

सकाळी सहाला गाळणी बदलली की तासाभरात फाटकावरच्या फळ्यावर नावं उमटायची. दयाळ दोन, शिंपी चार, सूर्यपक्षी तीन, चतुर चाळीस. ज्या वस्तीत नावं जास्त, तिचा दर्जा वर. दर्जा वर, तर पाणी रोज. दर्जा खाली, तर एक दिवसाआड.

फळा आला आणि लोकांनी झाडाकडे बघणं सोडलं. कॉलनीचे सेक्रेटरी सुर्वेसाहेब सकाळी फिरायला निघायचे तेव्हा डोक्यावर दयाळ गळा काढून गात असायचा. साहेब आधी फळा वाचायचे आणि मग म्हणायचे, "वा! आज दयाळ आहे."

बघणारी राहिली एकटी मृदुला राजवाडकर. वय बासष्ट, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त. शिंपी पक्ष्यानं जास्वंदीची दोन पानं कशी शिवली, कुंभारीण माशीनं खिडकीच्या कोपऱ्यात मातीचा रांजण कसा रचला, रुईवर कोणतं फुलपाखरू अंडी घालून गेलं, हे तिला पाठ. बघायची खरं, पण सांगताना तिला मीठमसाला घातल्याशिवाय चैन पडायचं नाही. आंब्यावरच्या लाल मुंग्यांनी एकदा आपला चष्मा पळवला आणि चार दिवसांनी पुसून-बिसून परत आणून ठेवला, असं तिनं सगळ्या कॉलनीला सांगितलं होतं.

"अगं, चष्मा तुझ्या डोक्यावर होता," तिचा नवरा विद्याधर म्हणाला होता.

"तो दुसरा!" मृदुला म्हणाली होती.

रोज पहाटे अंगणात असतेच म्हणून गाळणी बदलायचं काम तिच्याकडे आलं, आणि नाकाच्या कुंपणाची किल्लीही.

तर झालं असं. हरतालिका आणि गणपती म्हटलं की पत्री आली, म्हणजे पूजेची तऱ्हेतऱ्हेची पानं. बाजारात कुठल्याही गवताला दोरा बांधून पत्री म्हणून खपवतात. मृदुलाला ते चालायचं नाही. तिच्याकडे गोताडवाडीची सुगंधा यायची. सुगंधा बकऱ्या पाळायची आणि सणासुदीला डोंगरावरून खरी पत्री खुडून आणायची. आघाडा, माका, डोरली, दूर्वा, आणि तालुक्यात दुसरीकडे कुठे न मिळणारी विष्णुक्रांता. जमिनीला चिकटून वाढणारं नाजूक रोपटं, टिकलीएवढी निळी फुलं. ती फक्त वाघळीच्या सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तापलेला तवा आणि श्रावणात फुलांचा गालिचा.

पूजा झाली की पत्रीचं निर्माल्य होतं, आणि निर्माल्य पायदळी येता कामा नये. नदीत टाकायला बंदी. कॉलनीत पाय पडत नाही अशी जागा कुठे आहे? सगळीकडे फरशी, गाड्या आणि क्रिकेट. एकच जागा होती, नाकाभोवतीचं कुंपण. मृदुलानं कुलूप उघडलं आणि भक्तिभावानं निर्माल्याची टोपली खांबाच्या बुडाशी रिकामी केली. नाकाच्या बरोब्बर खाली.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर नाव आलं. कातळनिळी. वस्ती असण्याची शक्यता. अंदाजे संख्या नऊ.

कॉलनीत दिवाळी झाली! कातळनिळी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं फुलपाखरू. बाहेरून राखी, पंख उघडले की निळंशार. वाघळीच्या सड्याखेरीज ते कुठेच नव्हतं, म्हणून तर त्या सड्यावर खणायला, बांधायला बंदी होती. आणि ते आपण होऊन मधुमालती कॉलनीत राहायला आलं! कॉलनीला पहिला दर्जा मिळाला, पाणी रोज यायला लागलं. अंगणाची राखण करते म्हणून मृदुलाला शाल आणि नारळ दिला. तिनंही भाषणात ठोकून दिलं की कातळनिळी रोज सकाळी आपल्या खिडकीच्या गजावर येऊन बसते आणि चहाच्या वासानं पंख हलवते. टाळ्याच टाळ्या.

पण खिडकीच्या गजावर काही नव्हतं. मृदुलानं अकरा दिवस शोधलं. कुंड्या पाहिल्या, गवत पाहिलं, टाकीमागची ओल पाहिली. बाकी पन्नास तऱ्हेचं सगळं दिसलं, निळी नाही. बाराव्या दिवशी गाळणी बदलताना तिचं लक्ष खाली गेलं. सुकलेल्या विष्णुक्रांतेच्या देठावर तांदळाच्या कणीएवढं हिरवं काही तरी होतं, आणि चार मुंग्या त्याला मिशांनी गोंजारत होत्या. अळी होती ती. कातळनिळीची अळी पाठीतून गोड थेंब काढते आणि मुंग्या त्या बदल्यात तिची राखण करतात, हे तिनं कुठेसं वाचलं होतं. अंडी आणि अळ्या पत्रीच्या टोपलीतून आल्या होत्या. त्यांची लाळ, विष्ठा, टाकलेली कात वाळून वर जात होती, नाकात.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर अळी काळी पडली होती. पान सुकलं, ती उपाशी मेली. आणखी आठ सापडल्या. आठही तशाच.

म्हणजे कातळनिळी कॉलनीत राहायला आलीच नव्हती. मृदुलानं तिला टोपलीत घालून मरायला आणलं होतं.

सांगून टाकायचं तिनं ठरवलं. खरंच ठरवलं. पण फाटकापाशी सुर्वेसाहेब पाइपनं गाडी धूत होते. "काकू, तुमच्या निळीचे उपकार हो! दोन वर्षांनी गाडीला पाणी दाखवलं!" मृदुला हसली आणि भाजी घेऊन घरी आली.

पुढच्या वर्षी श्रावण लागला. फळ्यावर निळीचं नाव नाही. जो भेटेल तो विचारायचा, यंदा रुसली का तुमची पाहुणी? मृदुलानं आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी सुगंधा दारात आली तेव्हा मृदुलाच्या तोंडून निघून गेलं, "सुगंधा, यंदा विष्णुक्रांता जरा जास्त आण. गणपतीपर्यंत थांबू नको. दर सोमवारी आण."

"एवढी कशाला वो काकू? शंकराला बेल लागतो की."

"नवस आहे."

देवाच्या नावावर खपलं. त्या वर्षी संख्या चौतीस, त्याच्या पुढच्या वर्षी एकसष्ट. मृदुला टोपली ओतायची आणि मान वळवून निघायची, खाली बघायची नाही. हळूहळू तिचं अंगणात बघणंच कमी झालं. शिंप्याचं घरटं दिसलं की खांब आठवायचा. विद्याधर चहा पिताना विचारायचा, "काय गं, आज मुंग्यांनी काही पळवलं नाही का?" ती म्हणायची, "नाही."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सरकारी पत्र आलं. दोन पानी. पहिल्या पानावर अभिनंदन, मृदुलाच्या नावासकट. सुर्वेसाहेबांनी ते काचेच्या चौकटीत घालून तिच्या हॉलमध्ये टांगलं. चौकटीत दिसतं एकच पान. दुसरं त्याच्या मागे गेलं.

चौथ्या वर्षी श्रावणातला पहिला सोमवार उजाडला आणि सुगंधा आली ती रिकामी टोपली घेऊन.

"पत्री नाय काकू. आता नाय यायची. सड्याला तारेचं कुंपण घातलंय."

"कुणी?"

"कंपनी हाय कुठली तरी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या ठेवायला गोदाम बांधतायत. जूनपासनं यंत्रं लागलीत, अर्धा सडा खरवडला. वर सडा पाणी पितो तवा खाली आमच्या वाडीच्या विहिरीला लागतं. आता सडाच नाय ऱ्हायला तर विहीर काय पिनार?" सुगंधा पायरीवर बसली. मृदुलानं दिलेलं पाणी एका दमात प्यायली. "बंदी व्हती ना तिथं. ती निळी बाय व्हती म्हणून. आता सायेब म्हणतो, ती तुमच्या कॉलनीत ऱ्हायला गेली. तीन वर्सं तिकडंच हाय. मंग सड्यावर बंदी कशाला? एकोणीस तारखेला कचेरीत बोलवलंय, काय सांगायचं असंल ते सांगा म्हणून. आमी काय सांगनार?"

मृदुलाचा हात पाण्याच्या तांब्यावरच राहिला होता.

सुगंधानं वर बघितलं. "काकू, तुमी तर रोज बघता. खरंच हाय ती हितं? बघितलीत तुमी?"

बघा, एवढं सोपं विचारलं होतं. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

"दिसते," मृदुला म्हणाली. "कधी कधी."

सुगंधानं सुस्कारा सोडला. "मंग बरं. आमचं जाऊ दे. ती तरी जगली." आणि रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून ती उन्हातून निघून गेली.

मृदुलानं दार लावलं, खुर्चीवर चढून चौकट उतरवली आणि मागचे खिळे सुरीनं उचकटले. दुसऱ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. एखादी जात मूळ जागेबाहेर सलग तीन वर्षं राहिली की ती सुस्थित समजावी, आणि मूळ जागेचं संरक्षण उठवावं. खाली सड्याचं नाव होतं आणि तिच्या कॉलनीचं.

विद्याधर बाजारातून आला तेव्हा ती फरशीवर बसलेली होती, काच एकीकडे, कागद एकीकडे. तिनं सगळं सांगितलं. अळ्यांसकट.

तो बराच वेळ पिशवीतले टोमॅटो एकेक करून टोपलीत ठेवत राहिला. मग म्हणाला, "हे बघ, तू मुद्दाम कुणाचं वाईट केलं नाहीस."

"पहिल्या वर्षी नाही केलं."

"आता सांगून काय होणार? पाणी जाईल. कॉलनीत तोंड दाखवायची चोरी होईल."

"अहो, ती म्हणाली, ती तरी जगली. माझ्या तोंडावर म्हणाली. आणि मी तिला तांब्याभर पाणी दिलं."

विद्याधरनं चौकटीची काच उचलून कागदात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मृदुला सुर्वेसाहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. "काकू, चष्म्याची गोष्ट जास्त चांगली होती!"

"अहो, खरं सांगतेय."

"तीन वर्षं यंत्र सांगतंय ते खोटं आणि तुम्ही म्हणता ते खरं? तुम्हीच नाही का म्हणालात, चहाच्या वासानं पंख हलवते?" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "आणि समजा खरं असेल, तर मला सांगितलंत ते बरं केलंत. आणखी कुणाला सांगू नका."

तिनं तालुक्याच्या कीटक अधिकारी अन्विता खरात यांना फोन लावला. अन्विता तिशीची होती, बोलायला गोड. "काकू, रोजच्या रोज आलेल्या नोंदी आहेत. शंभराच्या वर. तुम्हाला सड्याचं वाईट वाटतंय, मला समजतं. पण तुमच्या एका फोनवर मी शंभर नोंदी रद्द कशा करू? पुरावा काय?"

पुरावा कुठला असणार? अळ्या केव्हाच माती झाल्या होत्या.

मृदुला दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होती. आयुष्यभर तिनं चिमूटभर खऱ्यात पसाभर खोटं मिसळून सांगितलं होतं आणि लोकांनी हसत ऐकलं होतं. आज पसाभर खरं होतं आणि घ्यायला कुणी नव्हतं. सोळा तारखेला तिच्या डोक्यात आलं. आपलं कुणी ऐकत नाही ना? मग नाकालाच सांगू दे. पण असं सांगू दे की लहान पोरही म्हणेल, काही तरी चुकतंय.

तिनं कपाटावरची बॅग काढली. त्यात मुलाचा, केदारचा, कोट होता. तो नॉर्वेला असतो, मागच्या खेपेला इथे टाकून गेला होता. फुगीर, उबदार, आत नुसती पिसं. दुपारी दोनला सगळी कॉलनी जेवून आडवी झाली होती तेव्हा मृदुला कात्री घेऊन कुंपणात गेली. शिवण उसवली आणि कोट नाकाखाली झटकला. पिसं नाकाला चिकटली, तिच्या केसांत अडकली, टाकीवर जाऊन बसली. चांगलं शिंकून-शिंकून तिनं काम पुरं केलं.

सतरा तारखेच्या सकाळी फळ्यावर उमटलं. कलहंस. वस्ती असण्याची शक्यता. अंदाजे संख्या तीनशे बारा.

सुर्वेसाहेब फळ्यापुढे उभेच राहिले. मग धावत टाकीकडे गेले. मागोमाग अर्धी कॉलनी.

"कुठे आहेत?"

"मागच्या बाजूला असतील."

"तीनशे? मागच्या बाजूला माझी स्कूटर मावत नाही!"

"आवाज तरी नको का यायला?"

"साहेब, अंडी देतील का हो?"

दुपारपर्यंत अन्विता येऊन थडकली. मृदुला कुंपणाचं दार उघडून उभीच होती, हातात फाटका कोट.

"हे घ्या तुमचे तीनशे बारा कलहंस. केदारला थंडी फार वाजते."

अन्वितानं कोट हातात घेतला, उलटा केला, खांबाच्या बुडाशी साठलेली पिसं पाहिली. "काकू, तुम्ही हे काय केलंत, कळतंय का तुम्हाला?"

"काल केलं ते विचारताय, की तीन वर्षं केलं ते?"

अन्विता गुडघ्यावर बसली. पिसांखालची माती तिनं बोटानं उकरली. खाली तीन वर्षांच्या पत्रीचा काळा थर होता, कुजलेला, एकावर एक. मग उठून हात झटकत म्हणाली, "एकोणीसला या. सगळ्यांसमोर सांगायचं."

कचेरीच्या सभागृहात पंखे गरगरत होते. एका बाजूला कंपनीची माणसं, एका बाजूला गोताडवाडी. सुगंधा तिसऱ्या रांगेत, पदर डोक्यावर. मृदुलाला बोलायला उभं केलं तेव्हा तिनं ठरवून एकही गोष्ट रंगवली नाही. निर्माल्य कुठे टाकलं, अळी कधी दिसली, दुसऱ्या वर्षी विष्णुक्रांता जास्त का मागवली, सगळं सरळ सांगितलं. सांगताना तिला सगळ्यात कठीण गेलं ते "नवस आहे" एवढे दोन शब्द. मागे कुणी तरी हसलं. सुर्वेसाहेब आढ्याकडे बघत होते.

अन्वितानं निकाल वाचून दाखवला. कॉलनीच्या तीन वर्षांच्या नोंदी रद्द, दर्जा रद्द. गोदामाचं काम एक महिना थांबवायचं. सड्यावरचं नाक जूनमध्येच काढलेलं, आणि आता नाकाचा भरवसा कुणी धरायचा? फोटोही चालणार नाहीत, फोटो तर हल्ली शाळेतली पोरं घरबसल्या बनवतात. तेव्हा डोळ्यांनी बघायचं. उरलेल्या अर्ध्या सड्यावर रोज कुणी तरी बसायचं. महिन्याभरात एकदा तरी दोन माणसांनी एकाच वेळी कातळनिळी बघितली, तर ती अजून तिथे आहे असं धरून संरक्षण परत. नाही दिसली, तर ती संपली असं धरून काम पुढे चालू.

"रोज सकाळी कोण बसणार?" अन्वितानं विचारलं.

"मी," मृदुला म्हणाली.

"तुमची एकटीची सही चालणार नाही, काकू."

मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "मी बसते. बकऱ्या चारायच्याच हायत." सुगंधा उठून उभी राहिली. "पन ह्या बाईशी मी बोलायची नाय."

बाहेर पायऱ्यांवर मृदुलानं तिला गाठलं. "सुगंधा…"

"त्या दिवशी 'दिसते' म्हणालात," सुगंधा मागे न बघता म्हणाली. "मी घरी जाऊन दिवा लावला व्हता तिच्या नावानं."

कॉलनीत पाणी परत एक दिवसाआड झालं. दारासमोरून जाताना लोक फोन कानाला लावायला लागले. विद्याधर बादल्या भरून ठेवायचा. मृदुला रोज सकाळी पहिल्या गाडीनं गोताडवाडीला उतरायची आणि काठी टेकत सड्यावर चढायची.

सडा अर्धा उरला होता. कुंपणापलीकडे लाल खड्डे, गप्प उभी यंत्रं. अलीकडे गवत, पांढरी-पिवळी फुलं, आणि कातळाच्या खोबणीत विष्णुक्रांता. मृदुला छत्री रोवून बसायची. चंडोल उभाच्या उभा आभाळात चढून गायचा. टिटवी तिच्यावर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. मातकट फुलपाखरं, पट्ट्यापट्ट्यांची फुलपाखरं, दगडाच्या रंगाचे नाकतोडे, सगळे यायचे. सुगंधा वीस हातांवर बसायची, तोंड दुसरीकडे. रोज तक्त्यावर दोघी सही करायच्या. शून्य. शून्य. भाकरीच्या वेळी सुगंधा पाठ करून खायची. बाराव्या दिवशी तिनं न बोलता अर्धी मिरची मृदुलाच्या बाजूच्या दगडावर ठेवली. बोलणं मात्र नाही.

सव्विसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बकऱ्या कुंपणाच्या दिशेनं पांगल्या. सुगंधा हाकायला गेली.

आणि ती आली.

खालून, गवतातून, वाऱ्यानं उडालेल्या राखेच्या कणासारखी. विष्णुक्रांतेवर बसली. राखी पंख, कडेला एक काळा ठिपका. मृदुलानं श्वास धरला. पंख उघडले, एकदाच, आणि आतलं निळं दिसलं. तिनं पोट वाकवलं आणि कळीच्या देठाशी टेकवलं. अंडं घालत होती. मृदुलाचे डोळे भरून आले आणि समोरचं पुसट झालं, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. हाक मारावी तर उडेल. न मारावी तर… "सुगंधा," ती पुटपुटली. "अगं ए…"

सुगंधा लांब होती. निळी उठली, खड्ड्याच्या कडेवरून तरंगली आणि दिसेनाशी झाली.

सुगंधा आली तेव्हा मृदुला गुडघ्यांवर होती. तिचा चेहरा बघून सुगंधाचं न बोलणं संपलं.

"दिसली?"

"दिसली."

"खरंच?"

"अंडं घालून गेली. त्या कळीपाशी."

दोघींनी वाकून पाहिलं. देठाशी पांढरा ठिपका होता, मोहरीच्या निम्मा. पण अंड्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, आणि तक्त्यात अंड्याला रकाना नव्हता.

सुगंधानं पिशवीतून तक्ता काढला. पेनाचं टोपण दातांनी ओढलं. "या हिकडं. करते सही. दोघींनी बघितली."

मृदुलानं तक्त्यावर हात ठेवला. "तू नाही बघितलीस."

"तुमी बघितलीत ना?"

"मी बघितली. तू बकऱ्यांमागे होतीस."

"अवो काकू!" सुगंधाचा आवाज चढला. बकऱ्यांनी माना वर केल्या. "नव्हती तवा तीन वर्सं हाय म्हणून सांगितलंत. आता हाय, तर नाय म्हणून लिवताय? चार दिस ऱ्हायलेत! आमची विहीर जाईल, कळतंय का तुमाला?"

"कळतंय."

"मंग?"

सही झाली तर सडा वाचणार होता. बघितलेलंही खरं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं. दुसऱ्या वर्षी नाकाखाली टोपली ओतताना तिनं स्वतःला अगदी हेच सांगितलं होतं.

"कंपनीचा माणूस तुला विचारेल, कुठे बसली होती, पंख कसे होते, कुठून आली," ती म्हणाली. "तू अडखळलीस की सगळं गेलं. मग ती त्यांच्या टेबलावर येऊन बसली तरी कुणी मानणार नाही. आणि ह्या वेळी खोटं तुझ्या नावावर लागेल. माझ्यामुळे तुझं एवढं गेलं, आता हे तरी नको."

तिनं पेन घेतलं. सव्विसावा दिवस, शून्य. खाली सही केली आणि तक्ता सुगंधापुढे धरला.

सुगंधा तिच्याकडे बघत राहिली. मग तोंडातल्या तोंडात एक सणसणीत शिवी दिली, मृदुलाला की कंपनीला कुणास ठाऊक. सही मात्र केली नाही. तक्ता दगडाखाली दाबला आणि बकऱ्यांच्या दोऱ्या आणून एका धोंड्याला करकचून बांधल्या. बकऱ्या बें बें करायला लागल्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुठून आली व्हती?"

"त्या गवतातून. वारा येतो तिकडून."

"सरका."

मृदुला सरकली. सुगंधा तिच्या छत्रीखाली, खांद्याला खांदा लावून बसली आणि समोर डोळे लावले. विष्णुक्रांतेची फुलं दुपारी मिटतात, मग निळी कशाला येईल? अजून तासभर होता.